मधुसूदन साहेबांची सही

रात्रीचे आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तारीख दोन डिसेंबर दोन हजार चोवीस, वार सोमवार. धम्मानंदनं नागपूरजवळच्या वाडीच्या नाक्यावर उभ्यानं चहा घेतला, मोटारसायकल वळवली आणि ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनांच्या मागच्या ओळीत गेला. काम दहा मिनिटांचं होतं. एका जुन्या गाडीच्या चेसिस नंबरचा पेन्सिलनं ठसा काढायचा आणि घरी जेवायला यायचं. घरी बायकोनं भरताची वांगी भाजून ठेवली होती.

वेळ इतकी नेमकी कशी माहीत, असं मीसुद्धा विचारलं. माझे सासरे म्हणाले, "चहाचे पैसे फोनवरून दिले ना त्यानं. त्यात वेळ येते. त्यानं मले दाखवली."

गोष्ट त्यांनीच सांगितली. त्यांचं नाव देवाजी. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी गेली आणि धम्मानंद हा त्यांच्यासोबत काम केलेल्या माणसाचा मुलगा. मी त्याला आमच्या लग्नात एकदा पाहिलं होतं. हसरा होता.

मामाजींनी ही गोष्ट यंदाच्या चार डिसेंबरला, गुरुवारी, रात्रीचं जेवण झाल्यावर आमच्या वाडीच्या खोलीत सांगितली. ऐकायला मी होते, माझा नवरा रोशन होता आणि माझी नणंद मेघा होती. माझी लेक सोनिका चौदा महिन्यांची आहे. ती माझ्या मांडीवर झोपली होती.

मामाजी सहज आले नव्हते. मीच त्यांना बोलावलं होतं आणि रोशनला ते माहीत नव्हतं.

झालं असं की त्याच आठवड्यात रोशनची पँट धुवायला घेतली तर खिशात घडी घातलेला कागद निघाला. कागदभर एकच सही. वरून खाली, पुन्हा वरून खाली, चाळीसच्या वर असतील. सही इंग्रजीत होती. मी अक्षर लावून लावून वाचली. मधुसूदन पाटणकर. आमच्या ओळखीत असं कोणी नाही.

मी विचारलं, "हे काय आहे?"

"काही नाही वं. पेन चालते का पाहून राहिलो होतो."

"चाळीस वेळा?"

तो हसला आणि कागद घेऊन गेला. रोशन आरटीओत एजंटचं काम करतो. लोकांचे फॉर्म भरून देतो, लाईन लावतो. त्यात लपवण्यासारखं काही नसते. मग कागद काहून लपवला? त्या दिवसापासून माझं लक्ष त्याच्या फोनकडे. संध्याकाळी तो बाहेर ओट्यावर बोलत होता आणि मी आतून दाराला कान लावला. बाईनं असं करू नये म्हणतात. मी केलं.

तो म्हणत होता, "हाव गौरांगभाऊ, शुक्रवारी सही मारून देतो. म्हातारा तर मेला. तो येते थोडीच विचारायले."

नंतर मी त्याच्या फोनमध्ये गाडीचा फोटो पाहिला. लाल रंग, दोनच सीटा, वर टप नाही, पुढे बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन मोठे दिवे. मी मामाजींना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "गाडी कोणती हाय?" मी फोटोतली गाडी सांगितली.

"येतो मी," म्हणाले.

तर मामाजी आले, जेवले, सुपारी कातरली. रोशनला एका शब्दानं काही विचारलं नाही. भिंतीला टेकून मेघाला म्हणाले, "तुले धम्मानंद आठवते ना वं? त्याचं काय झालं, सांगितलं का कोणी?"

मी रोशनकडे पाहिलं. तो फोन पाहत होता. पण त्याचं बोट हलत नव्हतं.

"भूत सांगून राहिले का बाबा?" मेघा हसली. "आपल्या घरी हे चालते का?"

"नाही चालत. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. आपण भूतबित मानत नाही. मी भूत म्हणतच नाही. झालं ते सांगतो. तू नाव ठेव त्याले काय ठेवायचं ते."

धम्मानंद आधी रोशनसारखाच एजंट होता. मग तो जुन्या गाड्यांच्या कामाला लागला. धरमपेठेतला एक दलाल आहे, गौरांग नावाचा. तो जुन्या विलायती गाड्या शोधून मुंबईच्या मोठ्या लोकांना विकतो. त्या धंद्यात नुसती गाडी चालत नाही, गाडीची हिस्ट्री लागते. पहिला मालक कोण, दुसरा कोण, कोणत्या साली हात बदलला, हे सगळं कागदावर पाहिजे. मधली एक कडी तुटली की घेणारा मागे सरतो. ती हिस्ट्री काढायचं काम धम्मानंदकडे होतं. त्याला ते आवडायचं. गावोगाव जायचा, म्हाताऱ्या मेकॅनिकांना भेटायचा, लोकांच्या अल्बममधले फोटो मागायचा.

या लाल गाडीची त्यानं चार महिन्यांत सगळी कुंडली काढली. ती आणली मनसरकडच्या मँगनीज खाणीच्या एका इंग्रज साहेबानं. नंबर पाटी अजून जुन्या सी.पी.च्या, म्हणजे इंग्रजांच्या मध्य प्रांताच्या काळातली होती. साहेब गेला तेव्हा कापसाच्या जिनिंगवाल्यानं घेतली. त्याच्याकडून अडुसष्ट साली मधुसूदन पाटणकरांनी घेतली. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. एकटे, शिस्तीचे. दर रविवारी स्वतः गाडी धुवायचे. दलाल आला की फाटकातूनच परत पाठवायचे. मरेपर्यंत विकली नाही. दोन हजार नऊ साली वारले. बंगला विकला गेला तेव्हा त्यांच्या मुलीनं, पुण्याहूनच, गाडी गौरांगला देऊन टाकली. कागद मात्र बापाच्याच नावावर राहिले.

"आता खरा रस्ता काय?" मामाजींनी रोशनला विचारलं. पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहून.

रोशन फोनमधून वर न पाहता बोलला, "मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद. मुलीले इथं यावं लागते."

"वेळ किती?"

"लागते सहा-आठ महिने."

"आन् खोटा रस्ता?"

रोशननं फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मी सांगतो. म्हातारा जित्ता होता असं दाखवायचं. मागची तारीख टाकायची. फॉर्मवर त्याची सही मारायची. पाच मिनटं. धम्मानंदनं त्या सोमवारी सकाळी तेच केलं. जुन्या आरसी बुकावर सही होती, ती पाहून पाहून बसवली आणि मारली. फक्त चेसिसचा ठसा राहिला होता. तेवढ्यासाठी गेला."

गोडाऊनच्या फाटकावर वसंत नावाचा चौकीदार होता. त्यानं किल्ली दिली. आत लाईट नाही म्हणाला. धम्मानंद एकटाच आत गेला. दोन्हीकडे टायरच्या थप्प्या, शेवटी ताडपत्रीखाली गाडी. त्यानं ताडपत्री काढली. फाईल जमिनीवर ठेवली. बॉनेट वर केलं आणि काडी लावून उभं ठेवलं. आत लोखंडाच्या पट्टीवर नंबर ठोकलेला असतो. मोबाईलचा टॉर्च दातात धरला. कागद पट्टीवर ठेवला, पेन्सिल आडवी केली, घासली.

नंबर उठला. बरोबर होता.

दोन ठसे लागतात. त्यानं दुसरा कागद ठेवला. घासला.

या वेळी नंबर उठला नाही.

रेघा उठल्या. गोल, वळणाच्या, एकमेकीत गेलेल्या. त्याला वाटलं कागद सरकला. पट्टीवरून बोट फिरवलं. बोटाला नंबरच लागत होता. बाकी लोखंड सपाट. मोबाईल दातातून हातात घेतला आणि पुन्हा कागदाकडे पाहिलं.

सही होती. सकाळी फॉर्मवर मारली, ती.

"मग?" मेघा म्हणाली. ती आता माझ्याजवळ सरकली होती.

"मग गाडी दबली."

"म्हणजे?"

"आपण गाडीत बसलो का गाडी दबते ना वं? तशी. उजव्या अंगाले. स्टिअरिंगकडे. सीटची स्प्रिंग वाजली."

दार उघडल्याचा आवाज आला नव्हता.

बॉनेट उभं होतं. त्याच्यामुळे पलीकडचं काही दिसत नव्हतं. सीट पाहायची तर बॉनेट खाली करावं लागणार होतं. किंवा बाजूला एक पाऊल टाकावं लागणार होतं. धम्मानंदनं दोन्ही केलं नाही.

"वसंतभाऊ?" त्यानं हाक मारली.

...

"गौरांगभाऊ, मजाक नका करू."

...

अमरावती रोडवरून ट्रक जात होते. त्यांचा आवाज येत होता. गोडाऊनात आवाज नव्हता. मग बॉनेटच्या पलीकडून कोणी खाकरलं. म्हाताऱ्या माणसासारखं. ऑफिसात साहेब खाकरतो, तसं.

"कागद दाखवा."

धम्मानंदनं फाईल उचलली. काहून उचलली, त्याला सांगता येत नाही. इतकी वर्षं आरटीओच्या खिडकीशी उभं राहिलेला माणूस. आतून कोणी कागद मागितला की हात पुढे जातो. त्यानं फाईल बॉनेटच्या कडेनं पुढे धरली. फाईल कोणी घेतली नाही. पण पान उलटल्याचा आवाज आला. त्याच्या हातात फाईल होती... आणि पान उलटत होतं.

एक.

दोन.

तिसऱ्या पानावर थांबलं. फॉर्म तिसऱ्या पानावर होता.

"ही सही कोणाची?"

इथं मामाजी थांबले. सुपारी तोंडात टाकली, चावली नाही. मी सोनिकाच्या छातीवर हात ठेवून पाहिला. श्वास नीट चालला होता. रोशननं फोन उलटा करून खाली ठेवला होता.

"तुम्ही एजंट लोक," मामाजी त्याला म्हणाले, "खिडकीवरच्या बाबूनं विचारलं, सही कोणाची, तर काय सांगता?"

रोशन खाली पाहून बोलला, "मालकाचीच हाय साहेब."

"विचार करून सांगता का?"

"नाही. तोंडातून येतेच ते."

"त्याच्याही तोंडातून आलं. सवय बाप्पा. खरं सांगितलं असतं, माझी हाय, चुकलो, तर काय झालं असतं कोणाले माहीत. पण तो म्हणाला, 'तुमचीच हाय साहेब.'"

धम्मानंदचा हात फाईल धरून तसाच पुढे होता.

"बरं," पलीकडून आवाज आला.

एवढंच. स्प्रिंग वाजली. गाडी वर उठली. धम्मानंद फाईल छातीशी धरून मागे मागे फाटकापर्यंत आला. चौकीदार शेकोटीजवळ बसला होता. आत कोणी गेलं नाही, कोणी आलं नाही, म्हणाला. तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

मेघानं सोडलेला श्वास मला ऐकू आला. "एवढंच ना? घाबरला, पळाला. अंधारात होते असं. टायरचा ढीग सरकला असन."

"मलेही तसंच वाटलं," मामाजी म्हणाले. "तो आला तेव्हा मीच हसलो. पण दुसऱ्या दिवशी त्याची पोरगी शाळेचं प्रगतीपुस्तक घेऊन आली. सहामाहीचे मार्क. बापाची सही पाहिजे. यानं पेन घेतलं, सही केली, दिली. पोरगी म्हणाली, पप्पा, हे कोणाचं नाव हाय?"

मामाजींनी आता सुपारी चावली.

"मधुसूदन पाटणकर. त्यानं खोडलं. पुन्हा केली. तेच. डोकशात धम्मानंद, हातातून मधुसूदन. बँकेत गेला, चेक परत आला. ओळखपत्र, गॅसचं पुस्तक, सगळीकडे. माझ्यासमोर बसून केली त्यानं. मी पाहिली. हात थरथरतही नव्हता गा. सरळ चालते. जसा आपला असते, तसा."

"डाव्या हातानं करून पाहायची," मेघा म्हणाली. पण आता ती हसत नव्हती.

"पाहिली. डाव्यानंही तेच. एकाच अक्षराचं वळण."

मामाजी सरळ होऊन बसले. मग जे बोलले ते रोशनसाठी होतं हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. धम्मानंदनं अर्धवट सोडलेलं कामच गौरांगनं आता त्याला दिलं होतं.

"माझ्या बापाले अंगठा होता. शाई लावून, कागदावर. बाबू लोक हसायचे, अंगठा नीट दाब म्हणायचे. त्यानं मले शाळेत घातलं ते फक्त एवढ्यासाठी. म्हणायचा, देवाजी, तू सही कर, मी पाहतो. खापरखेड्याच्या पहिल्या पगारावर मी सही केली तेव्हा तो गेटाबाहेर उभा होता. आत येऊ देत नव्हते, तरी उभा होता. आपल्या घरात सही अशी आली. एका दिवसात नाही आली. आता धम्मानंद ग्रॅज्युएट माणूस, तो अंगठा लावते. बँकेत लिहून दिलं, सही करता येत नाही. त्याच्या घरी अंगठा परत आला."

रोशन उठला. मला वाटलं रागानं बाहेर जातो. पण त्यानं खुंटीवरची बॅग काढली, त्यातून फॉर्म काढला आणि मामाजींच्या पुढ्यात ठेवला.

"पाहा बाबा. नंबर टाकला फक्त. सही नाही मारली. मारणार होतो उद्या." मग माझ्याकडे पाहिलं. "फोन तूच केला होता ना?"

मी मान हलवली.

"बरं केलं," म्हणाला. एवढंच. पण आवाज साधा नव्हता.

मी फॉर्म हातात घेऊन दिव्याखाली पाहिला. दोन्ही बाजूंनी. खरं सांगते, नवऱ्यावर माझा विश्वास नव्हता त्या रात्री. गाडीचा नंबर भरला होता, बाकी सगळं कोरं होतं. मग मीच तो फॉर्म कपाटावर ठेवला आणि त्यावर तांदळाचा भरलेला डबा ठेवला. तो डबा उतरवायला दोन हात लागतात आणि तळ फरशीला लागला की आवाज होतो. दाराची कडी लावली. मामाजी दाराशी आडवे झाले. रोशन माझ्या आणि सोनिकाच्या पलीकडे. मी जागीच होते म्हटलं तरी चालेल. पोरगी दोनदा उठली, तेवढ्यात एकदा डोळा लागला असेल तर असेल. डब्याचा आवाज मी ऐकला नाही.

सकाळी साडेसहाला मीच डबा उतरवला. फॉर्म तिथंच होता. त्या फॉर्मवर खाली दोन जागा असतात. डावीकडे विकणाऱ्याची सही, उजवीकडे घेणाऱ्याची.

डावीकडची जागा कोरी होती.

उजवीकडे, घेणाऱ्याच्या जागी, मधुसूदन पाटणकर लिहिलं होतं. गाडी त्यांनी स्वतःच परत घेतली होती.

मी रोशनला उठवलं नाही आधी. आधी त्याची बोटं पाहिली. झोपेतच. मग मामाजींची पाहिली. मेघाचीही पाहिली, लाज वाटली तरी. सही शाईची होती, निळी, जुन्या शाईपेनाची. आमच्या घरात सगळे बॉलपेन. मग रोशनच्या बॅगेतला सरावाचा कागद काढून बाजूला ठेवला. त्यातली एकही सही या सहीशी जुळत नव्हती. रोशनच्या सगळ्या सह्या शेवटी सरळ जात होत्या. ही खाली उतरली होती. थकलेल्या माणसानं, पण अगदी सावकाश, केल्यासारखी.

मी त्यावर बोट फिरवलं. शाई बोटाला लागली.

फॉर्म आम्ही परत दिला नाही. गौरांगला रोशननं सांगितलं, माझ्याकडून होत नाही, पुण्याहून मुलीला बोलवा. त्यानं शिव्या दिल्या आणि दुसरा माणूस पाहतो म्हणाला. तो दुसरा माणूस कोण, हे आम्हाला माहीत नाही. म्हणून हे लिहून ठेवलं. तुमच्या घरचं, शेजारचं, नात्यातलं कोणी नागपुरात गाड्यांच्या कागदांचं काम करत असेल, तर त्याला हे वाचून दाखवा. लाल गाडी, दोन सीटा, वर टप नाही. ती फाईल हातात आली तर सही मारू नको म्हणा. आणि मारलीच असेल, आणि कोणी विचारलं सही कोणाची, तर खरं सांग म्हणा. आजच सांगा.